रेडा आणि काडीबाई

रविवारी दुपारची जेवणं उरकली आणि बापलेकीचं जुंपलं. टीव्हीसमोर दोन खुर्च्या, दोघांच्या हातात एकेक कंट्रोलर, आणि मागे पलंगावर वर्तमानपत्राआड आई. लेक चाळिशीला टेकलेली, बाप सत्तरीपार. पण खेळ तोच, ती कॉलेजात असताना घरात आलेला. दोन गड्यांनी एकमेकांना बुकलून काढायचं, ज्याचा जीव आधी संपेल तो हरला.

गडीही ठरलेले. बाबांचा एक अगडबंब पैलवान. हाताच्या अंतरावर आला की समोरच्याला उचलून असा आपटायचा की निम्मा जीव तिथेच खलास. चाल मात्र गोगलगायीची. लेकीची सडपातळ भालेवाली. लांबून टोचत राहायची, पण एकदा सापडली की कचकन मोडायची. दोघांची नावं बाबांनीच ठेवली होती: रेडा आणि काडीबाई.

"टोच, टोच! डॉक्टरीण का झाली नाहीस? सुया तरी कामी आल्या असत्या."

"मग या ना पुढे. कोणी धरलंय?"

"येऊ देतेस कुठे? मागे, मागे, मागे. पाठीला भिंत लागली तरी बाईसाहेबांचा पाय मागेच."

आणि नेमकं तिथेच, भिंतीशी, रेड्याने काडीबाईला गाठलं. उचललं, आपटलं, परत उचललं. खेळ खलास.

"हा काय डाव झाला?" ती म्हणाली. "सगळा वेळ मी नीट खेळले. तुम्ही फक्त हात लावलात. फुकटचा डाव!"

"फुकटचा? अख्खं मैदान मार खात चालत आलो मी, ते दिसलं नाही तुला?"

तिला वाचनाचा भारी नाद. खेळाबद्दलही ती कुठे कुठे वाचून यायची. "जाणकार म्हणतात, ही जोडी अगदी तोडीस तोड आहे. दहातले पाच डाव तुमचे, पाच माझे."

"असतील. पण माझे पाच मी घाम गाळून मिळवतो, तुला तुझे पाच आंदण मिळतात."

"अगदी उलट!"

"माझ्याकडे कवळीला येणारे असेच बोलतात," बाबा म्हणाले. ते कवळ्या बनवायचे. पुढच्या खोलीतच त्यांचं कामाचं टेबल. "म्हणे वरची झकास बसली, खालचीच टोचते. दोन्ही एकाच हातच्या!"

आई वर्तमानपत्रामागे हसली. पुढच्या डावात वेळ संपत आला तेव्हा काडीबाईचा जीव थोडा जास्त उरला होता, आणि उरलेला सगळा वेळ ती मागे सरकत राहिली. घंटा झाली, डाव तिचा. बाबांनी कंट्रोलर खाली ठेवला. "तुझ्याशी खेळण्यात अर्थ नाही," ते म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले. कवळीचे दात घासून गुळगुळीत करायच्या यंत्राची घरघर सुरू झाली. परतीच्या बसची वेळ झाली तेव्हा तिने दारातूनच "येते" म्हटलं. यंत्र चालू होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच टेबलाशी बाबा बसल्या जागी गेले. हृदय थांबलं.

माणसं आली, बसली, पांगली. तिला सगळ्यांशी बोलता आलं, सगळी कामं उरकता आली. एकच गोष्ट काट्यासारखी आत रुतून होती: बाबा माझ्यावर रागावून गेले का? शेवटी एका सकाळी आई त्यांचे शर्ट घडी करत होती, तेव्हा तिने विचारलंच.

"रागावले होतेच," आई म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ही मला लांबच ठेवते. फोनवर दोन वाक्यं, इथे आली की भाला. काय ती ऐट! आणि मी आपला लोचटासारखा हिच्याकडे सरकतोय."

"ऐट?"

"मला काय विचारतेस? लाव बघू तो खेळ. मलाही कळू दे, एवढं काय असतं त्यात." आईने चष्मा पुसला. "मला तुझी ती बाई दे. तिचं एकच बटण आहे, तेवढं जमेल."

म्हणून बाबांच्या खुर्चीत बसून ती पहिल्यांदाच रेडा खेळली.

काय तो रस्ता! मैदान तेच, पण या टोकाकडून ते संपता संपेना. एक पाऊल टाकलं की टोचणी. थांबलं की टोचणी. उडी मारली तर हवेतच टोचणी. आई काही विचार करत नव्हती, बटाटे सोलावेत तशी बटण दाबत होती. लेकीचे कान तापले. पहिला डाव गेला, दुसरा गेला. तिसऱ्यात कशीबशी ती हाताच्या अंतरावर पोचली आणि तिने काडीबाईला उचललं.

"अगं बाई, मेली ही? एवढ्यात?" आई ओरडली. "हा काय न्याय झाला? इतका वेळ मी मारत होते की!"

लेकीला हसू आलं. पाच-पाच ही बेरीज बाहेरून बघणाऱ्याची. आत बसलेल्याच्या वाट्याला स्वतःचीच कोंडी येते. जिंकलेले डाव हक्काचे म्हणून विसरले जातात, आणि समोरच्याची कोंडी त्याच्या ताकदीआड झाकलेली असते. दोघंही वर्षानुवर्षं एकमेकांना बलवान समजत आले होते.

"माझी ऐट नव्हती, आई."

"मला माहीत आहे. ते जवळ आले की तू खुर्चीत अंग चोरायचीस, मला मागून दिसायचं. त्यांना कुठून दिसणार? ते टीव्हीकडे बघत असायचे."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"तुमच्या दोघांच्या मध्ये मी कशाला येऊ? आणि मला काय सांगतेस, त्यांना सांग."

आईने पुन्हा शर्ट हातात घेतला. ती काही उठली नाही, तिने नजरही वळवली नाही. लेकीला क्षणभर लाज वाटली. मग तिने कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "मला तुमची भीती वाटायची. तुम्ही जवळ यावं असं वाटायचं, आणि आलात की पाय मागे जायचा."