चमच्याचा खेळ

या, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट लहानच आहे, पण जीव लावून ऐकण्याजोगी. एका ताईची, तिनं भावासाठी मोबाइलवरचा खेळ रचला, त्याची.

दादा सोफ्यावर मांडी ठोकून बसला होता. दाढेत अडकलेलं काहीतरी त्यानं बोटानं उकरलं आणि त्याच बोटानं ताईच्या मोबाइलवर टिचकी मारली. ताईला किळस आली. पण ती फक्त त्याचं बोट बघत राहिली. खेळ बनवणाऱ्या नवख्यांसाठीचे जे सल्ले तिनं वाचले होते, त्यांत हे बजावलेलं होतं : आपला पहिला खेळ दुसऱ्याच्या हाती द्या आणि जीभ आवरा, तो कुठं अडतो ते नुसतं बघा.

खेळ एवढासा असावा, त्यात एकच कृती असावी, हेही तिनं पाळलं होतं. म्हणून एक चमचा आणि एक म्हातारं तोंड. तोंड उघडलं की घास भरवायचा, बस. चष्म्याच्या दुकानातल्या नोकरीवरून थकून आल्यावर, बाबांना निजवून, ती महिनोन् महिने खेळ बनवणं शिकत होती. लकव्यानंतर बाबांना भरवणं म्हणजे काय, हे फोनवर सांगून दादाच्या डोक्यात शिरत नव्हतं. खेळून तरी शिरेल, आणि मग काही महिने तो बाबांना आपल्याकडे नेईल, एवढीच तिची आशा.

घोळ झाला तो निराळाच. आधी तिनं खेळातलं तोंड अगदी बाबांसारखं हट्टी ठेवलं होतं, तेव्हा खेळून बघणारी मैत्रीण दोन घासांत वैतागून उठली. पहिल्याच फटक्यात हरलेला माणूस पुन्हा फिरकत नाही, असंही त्या सल्ल्यांत होतं. ताईनं तोंड सोपं केलं.

"जिंकलो!" दादा ओरडला. "अगं, हा तर पोरखेळ आहे. एवढ्यासाठी वर्षभर रडगाणं?"

"खरं इतकं सोपं नसतं, दादा."

"तुझी राईचा पर्वत करायची खोडच आहे. आण ती बाबांची वाटी."

शेजारच्या पलंगावर उशीला टेकून बसलेल्या बाबांच्या हनुवटीवर लाळेचा ओघळ होता, गळ्याशी दुपारी थुंकलेल्या भाताची शितं वाळली होती. दादानं नाक मुरडलं, अंग चोरत मऊ भाताचा चमचा पुढं केला. आता थुंकतील, ताईला वाटलं. रोज तिच्या अंगावर थुंकतात तसेच.

बाबांनी दादाकडं पाहिलं. अर्धा चेहरा हसला. तोंड उघडलं, घास गिळला. मग दुसरा. वाटी चाटूनपुसून संपली.

ताईला शिसारी आली. दादाच्या फुगलेल्या छातीची, बाबांच्या त्या लाडिक हसण्याची, आणि देवा, हे सगळं बघून मळमळणाऱ्या स्वतःच्या मनाचीसुद्धा.

"बघ! हाताला गुण असावा लागतो."

"तुझ्या हातानं जेवतात ना ते?" ती हळूच म्हणाली. "मग ने त्यांना. तीनच महिने."

दादा रिकाम्या वाटीत चमचा फिरवत राहिला.

"न्यायला काय गं... पण आमच्याकडे जिना केवढा. आणि तुझ्या वहिनीचं तर तुला माहीतच आहे."

त्यानं बोटं बाबांच्या चादरीला पुसली, बुटांत पाय सारले. दारातून वळून म्हणाला, "खेळ मात्र पाठव हं. पोरांना दाखवतो. आजोबांची आठवण राहील त्यांना."

दार लागलं. बाबा दाराकडं डोळे लावून, तोंड उघडं ठेवून बसले होते. ताई ओला रुमाल घेऊन वाकली, तसे त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

मायबाप हो, तुमच्या घरी एखादं म्हातारं माणूस पोटभर जेवलं, की या ताईची तेवढी आठवण ठेवा.