तुलनेचा नमुना

इस्पितळाच्या जंतूंच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वहिनीच्या तोंडी लागायची घरात कुणाची टाप नव्हती. इस्पितळात तीन नवजात बाळांना, त्यात वहिनीच्या बहिणीच्याही बाळाला, एकाच जंतूची लागण झाली, तेव्हा तिने जेवताना सगळ्यांदेखत सुनावलं, की हात न धुता बाळं हाताळणाऱ्या नर्सचेच हे प्रताप. नणंद त्याच कक्षात नर्स होती. वरिष्ठांच्या कानावरही वहिनीनेच संशय घातला आणि नणंदेला चौकशीपुरतं घरी बसवलं गेलं. बाळं बरी झाली, पण नणंद गप्प गप्प असे.

बाळांचे आणि नणंदेचे नमुने तपासायला वहिनीकडेच आले. एकाच जातीच्या जंतूंचीही घराणी वेगवेगळी असतात, आणि कोण कुठल्या घराण्यातला ते जनुकांवरून कळतं. तुलनेला बाहेरचा धडधाकट माणूस लागतो, म्हणून प्रयोगशाळेच्या रिवाजाप्रमाणे तिने आपल्याच नाकातला नमुना शेवटी जोडला.

पडद्यावर वंशवृक्ष उमटला. बाळांचे जंतू एका फांदीवर होते, नणंदेचा पार दुसऱ्या टोकाला. आणि बाळांच्याच फांदीला चिकटून होता तुलनेचा नमुना. काहीतरी अदलाबदल झाली असणार म्हणून वहिनीने सगळं पुन्हा केलं. परत तेच. मग तिला आठवलं. बहिणीचं बाळ बघायला ती त्या कक्षात गेली होती आणि लाडालाडाने शेजारच्या दोघांचेही गाल कुरवाळून आली होती.

साहेब म्हणाले, तुलनेचा नमुना अहवालात नसला तरी चालतं, वगळून टाका. वगळला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. तिने तो ठेवला, पण त्याचंही काही कौतुक वाटेना. नुसती लाज वाटत होती.

घरी नणंद गणवेशाला इस्त्री करत होती. कामावर कधी बोलावतील याचा पत्ता नव्हता, तरी करत होती.

"तो जंतू माझ्या नाकातला होता," वहिनी दारातूनच म्हणाली. "मी तिथे आले होते, हे चौकशीत का नाही सांगितलंस?"

नणंदेने इस्त्री बाजूला ठेवली.

"भेटीची वेळ संपली होती, वहिनी. तुम्ही हट्ट धरलात म्हणून मीच तुम्हाला मागच्या दाराने आत घेतलं. तुमचं नाव सांगितलं असतं, तर तुमच्या नोकरीवर आलं असतं." तिने गणवेशाची बाही सरळ केली. "वाटलं होतं, तुम्हीच माझ्या बाजूने बोलाल."

वहिनीने आत येऊन इस्त्री हातात घेतली आणि गणवेशाची उरलेली बाही करायला घेतली.