वरच्याची हाळी

"मिट ती पोथी आधी!"

एवढं बोलून खालचा धापा टाकायला लागला. वरच्यानं ओळीवरचं बोट काही उचललं नाही.

"अरे, देवाचं वाचताना असं बोलू नये."

"देवाला कुठं बोलतोय? तुला बोलतोय. रोज तेच पान! तो आजारी माणूस बरा होतो नि आठ दिवसांत नांगर धरतो. बाकीच्या पोथीला काय वाळवी लागलीय?"

या दोघांना गावात नावानं कुणी ओळखत नसे. एक वरचा, एक खालचा. लाकूड कापायच्या खड्ड्यावर ओंडका आडवा टाकायचा, एकानं त्याच्यावर उभं राहायचं, दुसऱ्यानं खड्ड्यात उतरायचं आणि मधे पुरुषभर उंचीची करवत. ओंडक्यावरची कापायची रेघ बघायची ती वरच्यानं. खालच्यानं नुसतं ओढायचं, कारण मान वर केली की डोळ्यांत भुसा. फळी सुटायला आली की वरच्यानं हाळी द्यायची, "आलं रे, सरक!" आणि खालच्यानं अंग काढून घ्यायचं. लग्नाच्या आधीपासून दोघांचं हे चाललेलं. भांडायचे असे की नवराबायको बरे म्हणावेत. पण हाळी कधी चुकली नव्हती.

वर्षानुवर्षांचा भुसा आता खालच्याच्या छातीत जाऊन बसला होता. मोठ्या दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "घरी न्या." ते वरच्यानं ऐकलं, खालच्याच्या बायकोनं, म्हणजे वहिनीनं ऐकलं. खालच्याला मात्र सांगितलं की घरच्या हवेनं बरं वाटेल. ही अक्कल वरच्याचीच. मग तो पोथी घेऊन आला. अक्षराला अक्षर जोडत तो ते एकच पान वाचायचा. ऐकून ऐकून देवालाच भीड पडेल, अशी त्याची भाबडी समजूत होती.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. शेतातली ढेकळं उन्हानं दगड झाली होती. विहिरीनं तळ गाठलेला, म्हणून वहिनी भाजीच्या वाफ्यांना घागरीनं पाणी घालायला मळ्यात गेली होती.

"मला सांग," खालचा म्हणाला, "रेघ कुणाला दिसते?"

"आता ते कुठून काढलंस?"

"सांग की. वर तू उभा आहेस. मी इथं खाली पडलोय. किती राहिलंय?"

"पुष्कळ राहिलंय. पाऊस पडला, गारवा आला, की बघ कसा..."

"खोटं बोलायचं तर निदान माझ्याकडं बघून बोल." खोकल्याची उबळ येऊन गेली तसा तो पुन्हा बोलू लागला. "मला तिच्याशी बोलायचंय रे. एवढा संसार केला, दोन शब्द गोडीचे बोललो नाही. आता तोंड उघडलं की ती म्हणते, दमू नका, बरं वाटलं की बोलू. तू म्हणतोस, बरा झालास की बोल. तुम्ही दोघं मिळून मला बरा करून मारताय!"

 वरच्यानं पोथी मांडीवर ठेवली, घसा खाकरला.  आवाज निघाला तो चिरकाच.

"आलं रे," तो म्हणाला. "सरक."

खालच्यानं डोळे मिटले. रागावला नाही की रडला नाही.

"हं. आता शेवटचं पान वाच."

शेवटचं पान जग सोडून निघालेल्या माणसाचं होतं. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं जबाब द्यायचा.

"दिवस तू दिलास."

"तुझ्याच हाती," खालचा म्हणाला.

"हात दिलेस, हातांना काम दिलंस."

"तुझ्याच हाती."

चार ओळी झाल्या नि दोघांना ताल सापडला, करवतीचा. एकानं ओढायचं, दुसऱ्यानं सोडायचं. वरच्याची जीभ अडखळेना आणि खालच्याच्या कपाळावरची आठी इतक्या दिवसांनी उलगडली. वरच्याला वाटलं, हे पान आपण आधी का उघडलं नाही?

"बरं वाचतोस की," शेवटच्या जबाबानंतर खालचा कसाबसा म्हणाला. "इतके दिवस गाढवासारखं एकच कुरण चरत होतास." मग हातानंच खूण केली: जा, बोलाव तिला.

वरचा अनवाणीच ढेकळं तुडवत पळाला. त्याला बघताच वहिनीनं घागर टाकली.

"वहिनी, त्याला सगळं कळलंय. बोलू द्या त्याला. बरं झाल्यावर, असं म्हणू नका."

"नाही म्हणणार," ती म्हणाली आणि त्याच्याही पुढं पळत सुटली.

खालचा दाराकडंच बघत होता. ती उशाशी बसली, त्याचा हात तिनं दोन्ही हातांत घेतला. त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही. पुन्हा हलले. होता नव्हता तो दम प्रार्थनेचे जबाब देण्यातच संपला होता.

वरचा बाहेर आला आणि पायरीवर बसला. खड्ड्यावर उभ्या जन्मात त्यानं हाळी उशिरा दिली नव्हती. आज दिली. आधी तिला बोलावलं असतं नि मग शेवटचं पान वाचलं असतं तर? पण तेही त्याला आत्ता सुचत होतं.

आतून वहिनीचा आवाज येत होता.

"काय? काय म्हणता? मी ऐकतेय. पुन्हा सांगा ना."