चारही चाकं कोरडी

दावाखूनं बूट काढून गाडीच्या टपावर ठेवले, पँट मांडीपर्यंत गुंडाळली आणि चाबकाची काठी घेऊन तो नदीत शिरला. पाणी गुडघ्यावर आलं तसा थांबला. काठी तळाला टेकवली, वर काढली, ओल्या खुणेवर बोट ठेवलं आणि वळून गाडीच्या दाराच्या खालच्या कडेकडे पाहिलं. माणूस पोटच्या पोराची उंचीसुद्धा इतक्या काळजीनं मोजत नाही.

आत त्याचे वडील, सोद्नोमबाबा, छातीवर हात दाबून बसले होते. पहाटेपासून त्यांचा श्वास फाटक्या भात्यासारखा वाजत होता. इस्पितळ नदीपलीकडे, टेकडी ओलांडली की आलंच.

गाडी घेतली तीच यासाठी. मागल्या हिवाळ्यात आईच्या छातीत दुखलं तेव्हा कुणाची गाडी मिळाली नाही; ती तंबूतच गेली. "बाबा, तुमचं असं होऊ देणार नाही," म्हणत दावाखूनं म्हाताऱ्याला कळपातली निम्मी घोडी विकायला लावली आणि राजधानीच्या बाजारातून ही जपानी गाडी आणली. वापरलेली, पण थाट राणीचा. चारही चाकांना जोर, कातडी गाद्या. चाकांवर शुभशकुनाचं दूध शिंपडलं त्या दिवशी तीन दऱ्यांतली माणसं लोटली होती. पहिल्या मालकानं ती का विकली, हे सावकाश कळत गेलं. रात्री उभी केली की ती थकल्या उंटिणीसारखी गुडघे टेकायची आणि सकाळी उठताना कण्हायची. पेट्रोल तर अशी प्यायची, की पंपवाल्यानं म्हणे तिच्याच जिवावर दोन मुलींची लग्नं उरकली. स्टिअरिंगसमोर एक पिवळा दिवा सदा पेटलेला असे. दावाखूनं त्यावर पट्टी चिकटवली आणि तो बिघाड मिटवला.

मागून शेजारच्या गोंबोची जुनी रशियन व्हॅन खडखडत आली. दार दोरीनं बांधलेलं, आत मेंढ्या.

"काय रे, मासे मोजतोयस?"

"पाणी बघतोय."

"घोडी विकून होडी घ्यायची होतीस." गोंबोनं हसत मान बाहेर काढली. मग त्याला म्हाताऱ्याचा चेहरा दिसला. "काकांना बरं नाही? दे इकडे. मी तालुक्यालाच चाललोय."

दावाखूनं ओल्या पायांवरून पँट खाली सोडली.

"मेंढ्यांच्या मुतात बसवू त्यांना? तू हो पुढे. टेकडीच्या आत तुला गाठतो की नाही बघ."

गोंबो जागचा हलला नाही. तो काचेतून म्हाताऱ्याकडे बघत राहिला. म्हाताऱ्यानं मुलाच्या पाठीकडे पाहिलं आणि गोंबोला हातानंच सांगितलं, जा.

व्हॅन नदीत उतरली. एका दारातून पाणी आत गेलं, दुसऱ्यातून बाहेर पडलं, मेंढ्यांनी व्हॅन डोक्यावर घेतली. पलीकडच्या काठावर चढून ती टेकडीआड दिसेनाशी झाली.

दावाखू आत बसला. गाडी पाण्याच्या कडेपर्यंत नेली, थांबवली, मागे घेतली. पुन्हा नेली.

"हिचं सगळं डोकं, तो कॉम्प्युटर, सीटखाली आहे," तो म्हणाला. "भिजलं की संपलं. गेल्या उन्हाळ्यात एकाची भिजली, अजून उभीच आहे."

"हं."

"उतरेल पाणी, बाबा. तासाभरात."

वर डोंगरावर आभाळ काळं झालं होतं. प्रवाहातून एक अख्खं झुडूप मुळांसकट वाहत गेलं. दावाखू गादीवर पडलेले पाण्याचे थेंब बाहीनं टिपत होता. म्हातारा बराच वेळ ते बघत राहिला.

"परत फिर," तो म्हणाला. "बरं वाटतंय आता."

"खरंच?"

"मोकळं वाटतंय. सकाळचा चहा जड गेला असेल."

म्हाताऱ्याचे ओठ निळसर पडले होते. दावाखूनं गाडीच्या मागे काही आहे का, ते निरखून पाहिलं.

"मी म्हणतच होतो. डॉक्टर लोक उगाच सुया टोचत बसतात."

गाडी वळली आणि गवतावरून अशी निघाली की वाटीतला चहा हिंदकळला नसता.

"बघा, बाबा. जाणवतो का एक तरी धक्का?"

शेजारून फक्त तो भाता ऐकू आला. दावाखूनं हात पुढे केला आणि तो आवाज बुडेपर्यंत हीटरचा पंखा मोठा केला.