गोड बोलणाऱ्याच्या टेबलावरचा फोन

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे. काळा, जड, वेटोळ्या वायरचा. अमेरिकेत, बफेलो शहरातल्या एका हॉस्पिटलात सर्जरी विभागाच्या प्रमुखांच्या, म्हणजे डॉ. हॅलोरन यांच्या टेबलावर माझं आयुष्य गेलं. कारखान्यातून आलो तेव्हा मी चकचकीत होतो आणि त्यांची सेक्रेटरी लोरेन मला रोज पुसायची. रात्री-अपरात्री माझी घंटा वाजली की कुणाचा तरी जीव वाचायचा. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटे.

पण हिवाळा आला की मला मेल्याहून मेल्यासारखं होई. हिवाळ्यात नव्या डॉक्टरांच्या मुलाखती होत. पुढचं शिक्षण कुठे घ्यायचं ते इकडे थेट ठरत नाही. मुलं आवडीच्या हॉस्पिटलांची नावं क्रमाने लिहून देतात, हॉस्पिटलं मुलांचा क्रम लावतात आणि कॉम्प्युटर जोड्या जुळवतो. जुळलं की नकार नाही. म्हणूनच कुणी कुणाला खोटी आशा लावू नये, असा नियम आहे.

हॅलोरनसाहेब मुलाखत झालेल्या बहुतेक प्रत्येकाला माझ्यावरून सांगत, "तुझी जागा पक्की समज."

"डॉक्टर, जागा आठ आणि शब्द सगळ्या गावाला?" लोरेन एकदा म्हणाली. "उरलेली पोरं काय माझ्या मांडीवर बसवू?"

"अगं, गोड बोलायला काय जातं? सगळ्यांनी आपलं नाव वर लिहिलं की झालं."

त्या वर्षी जोलीन पाव्लाक नावाच्या मुलीलाही त्यांनी तोच शब्द दिला. ती याच शहरातली. तिच्या वडिलांची मूत्रपिंडं निकामी झालेली, आई नाही, डायलिसिसला त्यांना तीच न्यायची. काही दिवसांनी तिचा फोन आला. आवाजात नुसता आनंद होता.

"सर, मी बाकीची सगळी नावं खोडली. फक्त तुमचंच ठेवलं. बाबांना सोडून लांब जायला नको आता. त्यांनी तर चर्चमधल्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणात सगळ्यांना सांगूनही टाकलं!"

मुलांचा क्रम आदल्या दिवशी याच खोलीत लागला होता आणि जोलीन त्यात फार खाली होती. यादी बदलायला तिच्या हातात अजून आठवडा होता. 'पोरी, बाकीची नावं परत लिही,' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? माझ्या तारेत जीव होता, पण जीभ नव्हती.

"वा, छान!" साहेब म्हणाले. "मग जुलैत भेटूच."

मार्चमध्ये निकाल लागला. आमच्या आठही जागा भरल्या. जोलीनला कुठेच जागा मिळाली नाही. उरल्यासुरल्या जागांसाठी तिने आठवडाभर हातपाय मारले, त्याही गेल्या. आमच्याकडे नव्या मुलांच्या नावाने केक कापला गेला, त्याच दिवशी तिने फोन केला. लोरेनने उचलला.

"मॅडम, तक्रार नाही हो. माझं काय चुकलं, एवढंच विचारायचं होतं. मुलाखतीत काही वेडंवाकडं बोलले का मी?"

"नाही गं बाळा," लोरेन म्हणाली.

"डॉक्टरांनी माझ्यासाठी नक्की प्रयत्न केला असेल. त्यांना माझे आभार सांगाल?"

लोरेनने मला खाली ठेवलं आणि डोळे पुसले. तेवढ्यात साहेब आत आले.

"कोण होतं?"

"जोलीन पाव्लाक."

"कोण ही जोलीन?" त्यांनी विचारलं, आणि केकचा उरलेला तुकडा तोंडात टाकला.

मित्रांनो, आता मला कुणी पुसत नाही, धूळ साचली आहे. साचू दे. मला जपा असं मी म्हणणार नाही. तुमच्या शब्दावर कुणी आपलं घरदार टांगून बसलं असेल, तर त्या माणसाला जपा. पण हे मी कुणाला सांगतो आहे? पुन्हा हिवाळा आला आहे, आणि साहेबांनी आताच मला उचललं.