रिकाम्या ओळी

मास्तर गेल्यावर त्यांच्या घटकाला वाली उरला नाही, म्हणून तो मुद्रितशोधकाच्या गळ्यात पडला. मुद्रितशोधकाचा जन्म छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेला होता. संगणकाचं जे काही येत होतं ते मित्र म्हणून मास्तरांनीच शिकवलेलं, आणि तेही आपल्याला खरंच येतं का, अशी त्याला कायम शंका.

घटक म्हणजे संगणकातला एक छोटा प्रोग्रॅम. साधा मजकूर घ्यायचा, तो बोटांनी वाचता येईल अशा उठावाच्या टिंबांत बदलायचा आणि छपाईयंत्राकडे द्यायचा. वहिनींची, म्हणजे मास्तरांच्या बायकोची दृष्टी गेली त्या वर्षी मास्तरांनी तो लिहायला घेतला. "हिचं वाचन थांबलं तर ही दिवसभर माझ्याशी बोलेल, आणि ते मला झेपणार नाही," असं ते तेव्हा सगळ्यांना सांगत.

वहिनींचा संगणक अंध वाचकांच्या वाचनालयानं दिलेला होता. त्याची रीत वेगळी. त्यात हातानं काही बसवायचं नाही. काय काय हवं ते एका फाइलीत लिहून द्यायचं. संगणक ती वाचून स्वतःला तंतोतंत तसा उभा करतो. लिहिलं नाही ते त्याच्या लेखी नाहीच. त्याआधी वाचनालयात प्रत्येक घटक त्याच्या मूळ फाइलींतून एकेकटा बांधून पाहतात, बंद खोलीत बसवल्यासारखा. नेमून दिलेलं सामान आत, बाकी सगळं बाहेर. मग एक तात्पुरता, नकली संगणक उभा करायचा, त्यात घटक चालवून बघायचा आणि काम झालं की तो नकली संगणक मोडून टाकायचा. मुद्रितशोधकाला ही रीत आवडायची. चूक झालीच तर ती त्या बंद खोलीतच राहील, चारचौघांत दिसणार नाही, असं त्याला वाटे.

यंदा वाचनालय जुने संगणक परत घेऊन नवे देणार होतं. नव्यांत फक्त पास झालेले घटक जाणार. मास्तरांचा घटक पास झाला नाही तर वहिनींचं वाचन बंद. बाकीचे वाचक आता ऐकूनच भागवत. आपल्या भाषेत बोटानं वाचणाऱ्या वहिनी एकट्या उरल्या होत्या. त्यांच्यासाठी भांडायलाही कुणी नव्हतं.

"मी ऐकून बघितलं की," वहिनी म्हणाल्या होत्या. "ती यंत्रातली बाई गॅसवर दूध ठेवून आल्यासारखी वाचते."

घटक पहिल्याच पायरीला अडला. बांधायला घेण्याआधी मूळ फाइलींचा ठसा वाचनालयानं मास्तरांच्या वेळी नोंदलेल्या ठशाशी ताडून पाहिला जातो. ठसा म्हणजे त्या फाइलींवरून काढलेली अक्षरा-आकड्यांची लांब ओळ. फाइलीत एखादी मोकळी जागा जरी इकडची तिकडे झाली तरी ठसा पार बदलतो. मास्तरांनी मूळ फाइली इंटरनेटवर जिथे ठेवल्या होत्या ती जागा त्यांच्यामागे बंद पडली होती. उरली होती ती मुद्रितशोधकाकडची प्रत, आणि तिचा ठसा जुळेना.

वाचनालयातल्या तपासनीस बाईंचा फोन आला.

"काका, ही प्रत तुम्ही कधी उघडली होती का?"

"वाचायला उघडली होती."

"नुसती वाचायला?"

मास्तर गेले त्या आठवड्यात त्यानं फाइल उघडली होती, केवळ त्यांचं नाव बघायला. शेवटी मास्तरांनी लिहिलं होतं, 'हे मी बायकोसाठी केलं. काही अडलं तर मला विचारा.' आता कुणी विचारलं तर काय, या विचारानं तो अस्वस्थ झाला आणि त्यानं खाली एक ओळ घातली: मास्तर अमुक तारखेला वारले. तारीख ताडून पाहिली. मग फाइल बंद केली.

त्यानं हे सांगितलं तेव्हा बाई हसल्या. "मग काय, ती ओळ काढा. झालं."

ओळ काढली. ठसा जुळला नाही.

"आणखी काय हलवलंत, काका?"

"काही नाही." मग तो म्हणाला, "रिकाम्या ओळी काढल्या असतील. मास्तर जागोजागी सोडून द्यायचे. ओळींच्या टोकाला मोकळ्या जागाही राहिलेल्या असायच्या. हात जातो हो आपोआप. जन्मभर तेच केलं."

"कुठल्या काढल्या ते आठवतंय?"

"केर काढल्यावर कुठला कण कुठे होता ते कुणाला आठवतं?"

नवा ठसा लिहून घ्या, असं त्यानं सुचवून पाहिलं.

"ते कसं करू? मूळ कुणाकडेच नाही. तुम्ही काय बदललंत याला साक्षीदार तुम्ही एकटे. उद्या कुणी आत भलतंच काही घुसवेल आणि हेच सांगेल, की फक्त रिकाम्या ओळी गेल्या. तुमच्यावर विश्वास आहे, काका. पण नियमाला तो लिहून देता येत नाही."

त्यांचं काही चुकत नव्हतं. त्याला वाटलं, आपण त्यांच्या जागी असतो तर हेच बोललो असतो, फक्त इतकं नीट नाही.

मग तो रिकाम्या ओळी परत घालत बसला. मास्तर इथे थांबले असतील, इथे चहाला उठले असतील, असं मनाशी म्हणत एक ओळ सोडायची, ठसा काढायचा. नाही. दुसरीकडे सोडायची. नाही. त्यानं मास्तरांसारखं गबाळं व्हायचा प्रयत्न केला, पण त्यांचा गबाळेपणा कुठल्याच नियमानं चालणारा नव्हता. एकदा त्यानं ठसा न तपासता तीच प्रत घरी बांधली आणि नकली संगणकात चालवून पाहिली. प्रत्येक जोडाक्षर टिंबांत बिनचूक उतरलं. ते बघून त्याला अधिकच वाईट वाटलं.

मुदत संपली. बाईंनी कळवलं की घटक या खेपेला वगळला आहे.

संगणक परत जायच्या आदल्या दिवशी तो वहिनींकडे गेला. खोलीत भिंतीशी छापलेल्या जाड कागदांचे गठ्ठे होते. मांडीवरचं पान बोटाखाली धरूनच वहिनी म्हणाल्या, "पायांवरूनच कळतंय. नापास?"

"नापास."

"मास्तरांचा विद्यार्थी आणि नापास. बसा, भाऊजी."

त्यानं सगळं सांगितलं, घातलेल्या ओळीसकट. वहिनींचं बोट पानावर थांबलं.

"काय लिहिलं होतं त्यांनी?"

आपली ओळ काढण्याआधी कागदावर छापून घेतलेलं फाइलीचं ते पान त्याच्या खिशात होतं. तो वाचू लागला.

"मोठ्यानं, भाऊजी. माझे डोळे आत्ता आत्ता गेले. तुमचा आवाज जन्मापासूनच गेलेला आहे."

"'हे मी बायकोसाठी केलं,'" तो मोठ्यानं म्हणाला.

वहिनींनी मांडीवरचं पान बाजूला ठेवलं. "मला कधी म्हणाले नाहीत. मला म्हणायचे, माझी बडबड नको म्हणून केलं." मग म्हणाल्या, "पुढे?"

"काही अडलं तर मला विचारा, असं. त्याखाली माझी ओळ."

"वाचा."

त्यानं कागद डोळ्यांजवळ धरला. कागद खाली केला.

"हे माझ्यानं वाचवणार नाही, वहिनी."

"मग छापा. यंत्र उद्या जाणार. आज तर आपलंच आहे."

त्यानं सगळा मजकूर जुन्या संगणकावर घातला. स्वतःची ओळ गाळू का, असं विचारलं. वहिनींनी मान हलवून नाही म्हटलं. छपाईयंत्र खडखडू लागलं. टिंबांचं पान बाहेर आलं, तसं त्यानं ते त्यांच्या हाती दिलं.

वहिनींचं बोट सावकाश सरकत गेलं. मध्ये एके ठिकाणी मागे येऊन त्यांनी तीच ओळ पुन्हा वाचली. मग बोट शेवटच्या ओळीवर आलं, टोकापर्यंत गेलं आणि तिथेच राहिलं.

"तारीख बरोबर आहे," वहिनी म्हणाल्या.

तो यंत्र बंद करायला उठला.

"राहू द्या. न्यायला येतील ते करतील बंद."