हिल्काबाईंचा मीटर आणि हिरवे पान

मित्रांनो, हिल्काबाईंच्या स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर बारा हिवाळे काढलेला मी एक जुना वीजमीटर आहे. मला स्मार्ट मीटर म्हणतात. हे विशेषण कंपनीने दिले; मी मागितले नव्हते.

माझे काम साधे. घरात किती वीज लागली ते दर तासाला कंपनीला कळवायचे. सकाळी सहाला कॉफी, दुपारी बटाटे आणि शनिवारी चारला वाफेच्या न्हाणीची, म्हणजे सौनाची भट्टी. नवऱ्याला पुरून आल्या त्या शनिवारीसुद्धा बाईंनी सौना तापवली होती. आमच्या फिनलंडमध्ये शनिवारी एखाद्याची सौना थंड राहिली, तर त्या घरात काहीतरी बिघडले आहे, हे शाळकरी पोरालाही कळते.

कंपनीतले लोक मात्र फार पुढचे शिकलेले. माझ्या आकड्यांतून ग्राहकाचे भले कसे करावे यावर त्यांच्या तीन वर्षे बैठका झाल्या, असे वायरमन सांगे. शेवटी त्यातून एक हिरवे पान निघाले. चित्रातले. वीज कमी लागली की ते पत्रावर छापून येई, शेजारी अभिनंदन.

ऐंशीच्या, एकट्या राहणाऱ्या हिल्काबाईंनी कंपनीला फोन लावला. ऐकू कमी येई म्हणून त्या फोन मोठ्या आवाजात ठेवत. त्यांनी सांगितले, पान नको. एखाद्या शनिवारी माझी सौना तापली नाही, तर समोरच्या ओइवाला तेवढे कळवा.

"तुम्हीच त्यांना सांगून ठेवा ना, बाई," पलीकडचे यार्मोसाहेब म्हणाले.

"नऊ वर्षं बोलत नाही मी त्याच्याशी. कुंपणावरचं झाड तोडलं त्यानं. म्हणून तर तुम्हाला सांगतेय."

साहेबांनी नम्रपणे कळवले, की हे त्यांच्या सेवांमध्ये बसत नाही. पान हवे तर मोबाइलवरही येईल.

मग जानेवारीतल्या एका शनिवारी कॉफी झाली आणि बाई स्वयंपाकघरात पडल्या. उठता येईना. चार वाजले, भट्टी लागली नाही. मी कळवले. पाच वाजले. पुन्हा कळवले. मित्रांनो, मीटरला ओरडता येत नाही. कंपनीच्या यंत्राने माझा आकडा वाचला आणि टेबलावरचा, बाईंच्या हाताला न लागणारा मोबाइल किणकिणला. हिरवे पान. नको म्हटले तरी कंपनीने ते मोबाइलवर सुरू केले होते, आणि त्याचा आवाज बाईंना पाठ होता. जमिनीवरून बाई त्या पानाला जे म्हणाल्या, ते मी मुलांना सांगणार नाही.

समोर ओइवा आपल्या सौनात बसला होता. त्याच्याकडे आकडे नव्हते, एक खिडकी होती. त्यातून हिल्काबाईंच्या सौनाची काच वाफेविना कोरडी दिसली, तसा तो टॉवेल गुंडाळून, अंगातून वाफा काढत बर्फातून आला आणि मागचे दार ढकलून आत शिरला.

"सौना तापली नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "पाय पूस."

खुबा जोडून बाई मार्चमध्ये घरी परतल्या. त्याच आठवड्यात पत्र आले. त्या इस्पितळात असताना घराने विक्रमी बचत केली होती, म्हणून तीन पाने. बाईंनी आजवरची सगळी पत्रे ओइवाला दिली; त्याची भट्टी लाकडावर चालते. ती छान पेटली. त्या पानांपासून ग्राहकाला ऊब मिळाली ती एवढीच.

आता माझ्या जागी नवा मीटर आला आहे. तो दर पंधरा मिनिटांनी कळवतो. म्हणजे कंपनीला आता चौपट वेळा कळणार नाही.

मित्रांनो, त्या बिचाऱ्याची काच अधूनमधून पुसत जा, त्याचा काही दोष नाही. आणि शनिवारी चारनंतर समोरच्या खिडकीकडे एकदा बघत जा.